यादीबाहेरचे पी. बाळू

१७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात ऐंशी वर्षांच्या एका माणसाला अर्जुन पुरस्कार देण्यात आला. मुरलीकांत पेटकर हे त्यांचे नाव. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचा हा माणूस लष्करात होता. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आले. त्याच माणसाने १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर जलतरणात ३७.३३ सेकंदांची विक्रमी वेळ देऊन भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट आला, आणि त्यानंतर काही महिन्यांत अर्जुन पुरस्कारही आला. पदकापासून पुरस्कारापर्यंत ५३ वर्षे! सरकार दरबारी पदकापेक्षा सिनेमाचे वजन जास्त असते काय, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला वेड्यात काढता येणार नाही.

पेटकर निदान हयात होते. कराड तालुक्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या नशिबी तेही आले नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तिकडे जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती लोकांनी काढलेली. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले, आणि निवृत्तीनंतर हक्काच्या पेन्शनसाठी झगडत राहिले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला होता. म्हणजे तेवीस वर्षे पुरस्कारही होता आणि खाशाबाही होते. दोघांची गाठ पडली ती २००० साली, मरणोत्तर. आज १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला २०२४ साल उजाडावे लागले. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ते आणले, खाशाबांनंतर ७२ वर्षांनी.

खाशाबा काही अस्पृश्य समाजातले नव्हते. त्यामुळे खेळाडूंची उपेक्षा ही केवळ जातीचीच बाब आहे असा माझा दावा नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. खेड्यातला, इंग्रजी न येणारा, ज्याच्या मागे संस्थान नाही की क्लब नाही असा कोणताही खेळाडू आपल्या देशात विसरला जाऊ शकतो. परंतु त्यात जात मिसळली म्हणजे विसरण्याचे रूप बदलते. तेथे विस्मरणाला नियमाचा आधार मिळतो.

न्यायालयात वीस वर्षे उभे राहिल्यावर एवढे कळते की, नाकारणारा माणूस 'मी अन्याय करतो' असे कधी म्हणत नाही, तो नियम दाखवतो. पद्म पुरस्कारांचे उदाहरण घ्या. हे पुरस्कार सहसा मरणोत्तर दिले जात नाहीत. अपवाद करायचाच तर निधन अलीकडचे, साधारणपणे त्या प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या एका वर्षातले असावे, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. म्हणजे माणूस हयात होता तेव्हा कोणाला सुचले नाही, आणि आता सुचले तर तत्त्व आडवे येते. खाशाबांच्या पद्म पुरस्कारासाठी त्यांच्या कुटुंबीयांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, ते यामुळेच.

परंतु नियम ही दगडावरची रेघ नव्हे. भारतरत्न हा सन्मान २०११ पर्यंत कला, साहित्य, विज्ञान आणि सार्वजनिक सेवा यांसाठीच होता. खेळ हा शब्दच त्यात नव्हता. सचिन तेंडुलकर यांना भारतरत्न मिळावे अशी मागणी देशभर उठली, आणि २०११ च्या अखेरीस नियम बदलून 'मानवी प्रयत्नांचे कोणतेही क्षेत्र' असे शब्द घातले गेले. ४ फेब्रुवारी २०१४ रोजी सचिनला भारतरत्न मिळाले. सचिनच्या पात्रतेबद्दल आमची तक्रार नाही. परमपूज्य बाबासाहेबांना हा सन्मान १९९० साली मिळाला, महापरिनिर्वाणानंतर ३४ वर्षांनी. तेव्हाही कोणी काळ मोजत बसले नाही. याचा अर्थ एवढाच की, इच्छा असली की नियम वाकतो, आणि इच्छा नसली की तोच नियम भिंत होतो. ही इच्छा कोणासाठी जागी होते आणि कोणासाठी झोपून राहते, हा खरा प्रश्न आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. बाळू बाबाजी पालवणकर, क्रिकेटच्या जगात पी. बाळू. जन्म १८७६ साली धारवाडला, चर्मकार कुटुंबात. वडील लष्कराच्या नोकरीत, म्हणून कुटुंब पुण्याला आले. आपल्या समाजातील कितीतरी घराण्यांची पहिली शाळा ही लष्कराची छावणी होती, हे वाचकांना सांगायला नको. बाळूंचे क्रिकेटही छावणीच्या आसऱ्यानेच सुरू झाले. पुण्यातील एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तेथे चार रुपये. जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे आणि साहेबांना गोलंदाजी करणे ही कामे. जे. जी. ग्रेग नावाचा अव्वल इंग्रज फलंदाज इतरांच्या आधी एक तास येऊन बाळूंकडून सराव करून घेई. बाद केलेस तर दर वेळी आठ आणे देईन असे ग्रेग म्हणत, अशी आख्यायिका आहे. त्या जाळीत बाळूंनी हजारो चेंडू टाकले. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबाचा खेळ, घाम गाळणे हे नोकराचे काम!

डावखुऱ्या फिरकीची कीर्ती पुण्याच्या हिंदू क्लबापर्यंत गेली. गोऱ्यांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा, पण हा तर अस्पृश्य! मोठी अडचण. शेवटी तोडगा निघाला तो आपल्या संस्कृतीला शोभणाराच. मैदानात बाळूंनी चेंडू टाकायचा, आणि त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण यष्टिरक्षकाने बिनदिक्कत झेलायचा, कारण चामड्याच्या चेंडूला विटाळ होत नाही. चहाची वेळ झाली की संघ पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा पिणार, आणि बाळू बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून पिणार. हात-तोंड धुवायला पाणी हवे तर अस्पृश्य नोकरानेच ते मैदानाच्या कोपऱ्यात आणून द्यायचे. जेवणाचे ताट वेगळे, टेबल वेगळे. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्याच्या तीस वर्षे आधी क्रिकेटच्या मैदानावर हा पाण्याचा प्रश्न उभा होता आणि एक तरुण रोज तो गिळून गोलंदाजी करत होता.

पुढे बाळू मुंबईला आले, रेल्वेत नोकरीला लागले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तेथेही त्यांना घ्यावे की न घ्यावे यावर खल झालाच. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ वर आटोपले. बाळूंनी सामन्यात आठ बळी घेतले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच डोळ्यांदेखत हरवले, म्हणून सगळा देश आनंदला. त्या आनंदात बाळूंच्या चहाच्या भांड्याचा विषय कितीजणांना आठवला असेल, कोण जाणे.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळू मात्र हरले नाहीत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १०३ धावांत ८ बळी. लिस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११ बळी, आणि दौऱ्यातला पहिला विजय तोच. संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी, त्यांपैकी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ७५. वय तेव्हा पस्तीस. प्रथम श्रेणी कारकीर्दीचा हिशेब असा : ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. क्रिकेट न कळणाऱ्या वाचकांसाठी सांगतो, एका बळीमागे सरासरी पंधरा धावा देणारा गोलंदाज कोणत्याही काळात अव्वलच मानला जातो. शिवाय हा हिशेब त्यांच्या तिशीपासूनचा आहे. अठरा ते अठ्ठावीस ही गोलंदाजाची ऐन उमेदीची वर्षे. त्यातली कितीतरी जाळीत साहेबांना सराव देण्यात गेली, आणि त्या चेंडूंची नोंद कोणत्याही वहीत नाही.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा जाहीर सत्कार केला. त्या सत्कारात मानपत्र देण्याच्या कामी वीस वर्षांचा एक विद्यार्थी पुढे होता. भीमराव रामजी आंबेडकर. ही नोंद वाचकांनी लक्षात ठेवावी, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधी मिळाले नाही. स्वतः कर्णधार एम. डी. पै यांनी १९१३ साली जाहीरपणे सांगितले की, हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता. पैंचा मोठेपणा मान्य, पण निवड समितीचे कान बंदच राहिले. बाळूंचे तीन भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही उत्तम खेळाडू होते. १९२० साली पै आजारी असताना ज्येष्ठ विठ्ठल यांना डावलून पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांना कर्णधार केले गेले, आणि बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी निवेदन काढून संघावर बहिष्कार टाकला. महाडच्या सात वर्षे आधी क्रिकेटच्या मैदानावर दलितांनी केलेला हा स्वाभिमानाचा सत्याग्रहच होय! त्याचा परिणामही झाला. पुढच्या सामन्यात बाळू उपकर्णधार म्हणून परतले. कर्णधार पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंकडे होती. आयुष्यभराच्या सेवेची किंमत ही एवढी. १९२३ साली विठ्ठल मात्र रीतसर कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी स्पर्धा जिंकली.

आता यादीकडे वळू. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २००९ साली 'हॉल ऑफ फेम' सुरू केला. थोर निवृत्त खेळाडूंची ही जागतिक सन्मानाची यादी. पहिल्याच तुकडीत ५५ नावे होती, त्यांत भारताचे तिघे : बिशनसिंग बेदी, सुनील गावसकर आणि कपिल देव. तिघेही पात्रच. त्याच तुकडीत इंग्लंडचे विल्फ्रेड ऱ्होड्स आहेत. ऱ्होड्सही डावखुरे फिरकी गोलंदाज, जन्म १८७७ चा, म्हणजे बाळूंपेक्षा एक वर्षाने लहान. त्यांच्याशी तुलना करून बाळूंना त्या काळी हिंदुस्थानचे ऱ्होड्स म्हटले जाई. ऱ्होड्स यादीत आहेत, हिंदुस्थानचे ऱ्होड्स नाहीत. कारण? ही यादी आंतरराष्ट्रीय कामगिरीवर ठरते, आणि बाळू एकही कसोटी खेळले नाहीत. बरोबर आहे, खेळले नाहीत. भारताची पहिली कसोटी २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर सुरू झाली, तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. ज्याच्या काळात देशाला कसोटीचा दर्जाच नव्हता, त्याला कसोटी न खेळल्याचे कारण दाखवणे म्हणजे ज्याला शाळेत बसू दिले नाही त्याच्याकडे दाखला मागण्यासारखे आहे.

कसोटी न खेळलेल्याचा गौरव करण्याची पद्धतच नाही, असेही नाही. आमच्या क्रिकेट नियामक मंडळाचेच पाहा. रणजी आणि दुलीप यांच्या नावाने करंडक आहेत. हे दोघे कसोटी खेळले ते इंग्लंडकडून, भारताकडून एकदाही नाही. प्रा. देवधर तर कोणत्याच देशाकडून कसोटी खेळले नाहीत, आणि त्यांच्या नावाने १९७३-७४ पासून देवधर करंडक सुरू झाला. देवधर मोठे फलंदाज होते, याबद्दल वाद नाही. परंतु १९२० साली ज्यांना कर्णधार केले म्हणून पालवणकर बंधूंना बाहेर पडावे लागले त्यांच्या नावाचा करंडक, आणि पालवणकरांच्या नावाचा मंडळाचा एकही करंडक नाही, हा निव्वळ योगायोग म्हणायचा काय? मे २०२५ मध्ये वानखेडे स्टेडियममध्ये स्टँडना नवी नावे दिली गेली. रोहित शर्मा, अजित वाडेकर आणि शरद पवार. म्हणजे संघटनेचा कारभार पाहिलेल्या नेत्यालाही जागा आहे. मुंबईच्या क्रिकेटला पहिली ओळख मिळवून देणाऱ्या गोलंदाजासाठी एक स्टँड मागणे हा काही अतिरेक होत नाही.

परदेशांनी काय केले तेही पाहू. १८६८ साली ऑस्ट्रेलियातील आदिवासी खेळाडूंचा एक संघ इंग्लंडला गेला होता. त्यात जॉनी मुलाघ नावाचा अष्टपैलू खेळाडू होता. त्याने त्या दौऱ्यात १,६९८ धावा काढल्या आणि दोनशेहून अधिक बळी घेतले. कसोटी क्रिकेट सुरू झाले १८७७ मध्ये. मुलाघही कसोटी खेळला नाही. पण डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाने त्याला आपल्या क्रिकेट हॉल ऑफ फेममध्ये घेतले आणि मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीतील सर्वोत्तम खेळाडूला मुलाघ पदक देणे सुरू केले. ते पहिले पदक कोणाच्या गळ्यात पडले? आपल्या अजिंक्य रहाणेच्या! भारताच्या मराठी कर्णधाराने ऑस्ट्रेलियातील आदिवासी खेळाडूच्या नावाचे पदक स्वीकारले, आणि इकडे आपल्या वृत्तपत्रांनी त्याचे मोठमोठे फोटो छापले. 'आपल्याकडे असा कोण?' हा प्रश्न त्या फोटोखाली कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

अमेरिकेचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. तेथे बेसबॉलमध्ये काळ्या खेळाडूंना मुख्य स्पर्धांत बंदी होती. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनने ती मोडली. त्याआधीच्या पिढ्या 'निग्रो लीग' या वेगळ्या स्पर्धांत खेळून म्हाताऱ्या झाल्या. १९६६ साली टेड विल्यम्स या गोऱ्या खेळाडूचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तेव्हा त्याने भाषणातच सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावे घेऊन त्यांना येथे जागा द्या असे सांगितले. १९७१ मध्ये पेजची निवड झाली. पण आधीचा बेत असा होता की, काळ्या खेळाडूंसाठी वेगळे दालन करावे. म्हणजे पुन्हा मातीचे भांडे! लोकांनी ओरड केली, तेव्हा पेजला सर्वांच्या बरोबरीने मुख्य दालनात घेतले. गिब्सन १९७२ मध्ये गेला, आणि तो तर मुख्य स्पर्धेत एकही सामना न खेळता १९४७ सालीच वारला होता. २०२४ साली निग्रो लीगचे आकडे मुख्य आकडेवारीत मिसळण्यात आले, आणि कारकीर्दीच्या सरासरीत गिब्सन सगळ्यांच्या वर जाऊन बसला. अमेरिकेत वर्णद्वेष संपला असे कोणी म्हणणार नाही. पण तेथील खेळाच्या संस्थांनी निदान हे मान्य केले की, ज्याला आम्ही खेळू दिले नाही त्याच्या न खेळण्याचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. आपल्याकडे ही कबुली अजून व्हायची आहे.

येथे 'लगान'ची आठवण कोणीतरी काढतेच. २००१ च्या त्या चित्रपटात कचरा नावाचा अस्पृश्य फिरकी गोलंदाज आहे, म्हणजे दखल घेतलीच की, असे म्हणतात. घेतली ती कशी, तेही पाहा. कचराचा चेंडू वळतो तो त्याचा हात अधू आहे म्हणून. त्याला स्वतःलाही ठाऊक नाही, नायक ते शोधून काढतो आणि त्याला संघात घेतो. बाळूंचा चेंडू वळत होता तो वर्षानुवर्षांच्या मेहनतीमुळे. त्यांना कोणा नायकाने शोधले नाही, संघाला त्यांची गरज पडली. कसब ही आमची कमाई असते, हे मान्य करण्यापेक्षा ती देवाची करणी ठरवणे सोपे जाते.

आता जरा आपल्या घरातही डोकावू. काही वाचक एव्हाना अस्वस्थ झाले असतील. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांबरोबर नव्हते. ते एम. सी. राजा यांच्या बाजूला, संयुक्त मतदारसंघाच्या पक्षात होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईतील राखीव जागेवर बाबासाहेबांविरुद्ध बाळूंनाच उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. थोडक्यात निभावले. ज्याचा जाहीर सत्कार आपण केला त्यालाच विरोधक म्हणून समोर उभे करण्यात आले, तेव्हा बाबासाहेबांना काय वाटले असेल याची कल्पनाच करावी.

बाळूंची ती राजकीय भूमिका चूक होती, असे माझे स्पष्ट मत आहे. पुणे कराराने आपले काय नुकसान केले यावर याच पानावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या चुकीची शिक्षा म्हणून त्यांच्या १७९ बळींवर आपण बोळा फिरवायचा काय? चळवळीने नेमके तेच केले. आपल्या दिनदर्शिकांत, जयंतीच्या बॅनरवर, प्रबोधनाच्या भाषणांत बाळू कुठे दिसत नाहीत. तिकडे सवर्णांनी त्यांना अस्पृश्य म्हणून बाजूला ठेवले, इकडे आम्ही काँग्रेसवाले म्हणून. शिवाय ते चर्मकार, म्हणून आपल्यातील पोटजातींच्या भिंतीही आड आल्याच. हे कटू वाटेल, पण खरे आहे. आणि ज्या काँग्रेसने त्यांना तिकीट दिले तिने तरी काय केले? पद्म पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. बाळूंचे निधन ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत झाले. जानेवारी १९५६ मध्ये सी. के. नायडू यांना पद्मभूषण मिळाले. आजचे ते 'एका वर्षाच्या आतले निधन' हे तत्त्व लावून पाहिले तरी बाळू तेव्हा मुदतीत बसत होते! निवडणुकीपुरता हरिजन, सन्मानाच्या वेळी कोणी नाही. वास्तविक पाहता, बाबासाहेबांविरुद्ध वापरून घेतलेल्या माणसाला ज्यांनी वापरले त्यांनीच फेकून दिले, हे तर आपण जास्त जोराने सांगायला हवे होते.

आणि १९११ चे ते मानपत्र? बाबासाहेब तेव्हा बाळूंचे राजकारण पाहत नव्हते, त्यांचे बळी पाहत होते. गोलंदाजीचा सन्मान गोलंदाजीसाठीच करायचा असतो.

इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २००२ साली इंग्रजीत ग्रंथ लिहून बाळूंची कथा जगापुढे आणली, त्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण विठ्ठल पालवणकरांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ सालीच मराठीत आले होते. चोपन्न वर्षे ते मराठीत पडून राहिले आणि मराठी क्रीडा समीक्षकांना त्यात काही दिसले नाही. कागद जपणे आणि कागद वाचणे यात आपण मार खातो. काही वर्षांपूर्वी एक वयस्क कबड्डीपटू माझ्याकडे आले होते. प्लास्टिकच्या पिशवीत पंधरा-वीस प्रमाणपत्रे, निम्मी वाळवीने खाल्लेली. जुन्या खेळाडूंच्या एका सन्मानासाठी त्यांनी अर्ज केला होता. संबंधित कार्यालयाने तो परत पाठवला, कारण प्रमाणपत्रांवर जावक क्रमांक नव्हता आणि जिल्हा संघटनेची पडताळणी हवी होती. ती संघटना बंद पडून वीस वर्षे झालेली, सही करणारे पदाधिकारी वारलेले. आम्ही स्पर्धेच्या वेळची वृत्तपत्रातील कात्रणे शोधली, जुन्या सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे केली. काम झाले नाही. सन्मान त्यांच्यासाठी पैशाचा प्रश्न नव्हता. "वकीलसाहेब, नातवाला दाखवायला एक कागद पाहिजे होता," एवढेच ते म्हणाले. अशी माणसे आपल्या संभाजीनगरात, पूर्वीच्या औरंगाबादेत, प्रत्येक जुन्या वस्तीत सापडतील. एकेकाळी आमखास मैदानावर ज्यांच्या पकडीसाठी गर्दी जमायची, ते आज चावडीजवळ पत्ते खेळत बसलेले दिसतात.

म्हणून मागणी करायची ती नेमकी करावी. दरवर्षी एप्रिलमध्ये भीम जयंतीनिमित्त शहरात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा होतात. करंडकावर नाव असते ते नगरसेवकाचे किंवा होऊ घातलेल्या नगरसेवकाचे. त्यांतील एका तरी करंडकाला पी. बाळूंचे नाव द्यायला कोणत्याही मंडळाची परवानगी लागत नाही, आणि खर्चही वाढत नाही. बाबासाहेबांनी १९५० साली येथे मिलिंद महाविद्यालय उभे केले. त्या नागसेनवनात क्रीडा विभागाच्या भिंतीवर पालवणकर बंधूंचे एक छायाचित्र लागावे, त्याखाली आकडे लिहावेत. मोठी मागणी क्रिकेट नियामक मंडळाकडे : कसोटीपूर्व काळातील खेळाडूंसाठी मुलाघच्या धर्तीवर रीतसर सन्मान सुरू करावा आणि त्यात पहिले नाव बाळूंचे घ्यावे. आंतरराष्ट्रीय परिषदेकडेही भारतीय मंडळानेच हा प्रश्न न्यावा, कारण तेथे व्यक्तीच्या पत्राला कोण विचारतो?

अर्जाचा मसुदा मी मराठीत आणि इंग्रजीत तयार केला आहे. सोबत १९०६ च्या सामन्याचा धावफलक, १९११ च्या दौऱ्याची आकडेवारी आणि मुलाघ व पेज यांच्या निवडीचा तपशील जोडला आहे. अर्जदाराची ओळ मुद्दाम कोरी ठेवली आहे. कोणत्याही जयंती समितीने, क्रिकेट मंडळाने किंवा महाविद्यालयाच्या जिमखान्याने ती भरावी, शिक्का मारावा आणि ४ जुलैच्या आत रजिस्टर पोस्टाने पाठवावी. पोचपावती मात्र जपून ठेवावी, पुढे ती लागेल.